एकत्र प्रार्थनेला घड्याळ हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली दोन-तीन वर्षे परदेशातल्या चर्चमध्ये 'जागृती' होत असल्याच्या बातम्या येत आहेत, आणि आपल्याकडच्या संजीवन (श्रद्धेला नवी जाग आणणाऱ्या) सभांच्या व्यासपीठावर पोचेपर्यंत त्यांना बराच रंग चढतो. त्यातल्या काही पक्क्या आहेत. फ्रान्समध्ये २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांचा कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. आदल्या वर्षी हा आकडा सात हजारांच्या थोडा वर होता. यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, कारण बाप्तिस्मा नावानिशी नोंदवहीत चढतो. 'अमुक टक्के तरुण पुन्हा चर्चला जाऊ लागले' अशा सर्वेक्षणांचे तसे नसते. प्रश्नावलीत 'जातो' म्हणणारा रविवारी बाकावर असतोच असे नाही. व्यासपीठावरून आकडा ऐकला, की तो नोंदवहीतला आहे की प्रश्नावलीतला, एवढे तरी विचारावे.

दुसरी बातमी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या विल्मोरची. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी अ‍ॅस्बरी विद्यापीठातली नेहमीची बुधवारची उपासना संपली, पण काही विद्यार्थी उठलेच नाहीत. सुमारे सहा हजार वस्तीच्या त्या गावात पुढच्या दोन आठवड्यांत पन्नास हजारांच्या आसपास माणसे येऊन गेली. त्यातल्या दोनच गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. नामांकित वक्त्यांना तिथे व्यासपीठ दिले नाही, आणि गर्दी वाढत असतानाच तारीख ठरवून सार्वजनिक सभा थांबवल्या. आपल्याकडे गर्दी वाढली की आधी मंडप वाढतो, मग वक्ता मोठा होतो आणि शेवटी बॅनरवरचा वक्त्याचा फोटो.

हे लिहायचे कारण १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्य सप्ताह. पुष्कळ गावांत त्या आठवड्यात सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे वेगवेगळ्या पंथांच्या चर्चची, मिळून प्रार्थना ठेवतात. पहिल्या संध्याकाळी चर्च भरते, चौथ्या संध्याकाळी पाळक, फादर, पेटीवाला आणि चार आज्या उरतात. मग 'लोकांत तहान नाही' असा निष्कर्ष निघतो. मला तो पटत नाही. तहान असते, पण सभा पावणेदोन तास चालते, अर्धा वेळ सत्कारात जातो आणि उद्या कुठे जमायचे हे कोणाला नक्की ठाऊक नसते.

इतिहास याच्या उलट सांगतो. २३ सप्टेंबर १८५७ ला न्यूयॉर्कच्या फुल्टन रस्त्यावरच्या चर्चमध्ये जेरेमाया लॅनफियर या गृहस्थाने दुपारी बारा ते एक अशी प्रार्थना ठेवली. पहिला अर्धा तास तो एकटाच होता. तास संपताना सहा जण होते. पुढच्या आठवड्यात वीस, त्यानंतर चाळीस, आणि ऑक्टोबरपासून ती रोज होऊ लागली. पुढच्या वर्षी असे प्रार्थनागट अमेरिकेच्या शहराशहरांत निघाले. तिथले नियम भिंतीवर लावलेले होते: कोणाचीही प्रार्थना वा बोलणे पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ दोनांपेक्षा जास्त प्रार्थना नाहीत, वादाचे मुद्दे काढायचे नाहीत. वेळ संपली की घंटा. कचेरीतली माणसे जेवणाच्या सुट्टीत येत, त्यांना एक वाजता सुटका होणार याची खात्री होती. मला तर वाटते, निम्मी गर्दी त्या घंटेने आणली.

ती लाट १८५८ मध्ये आपल्या देशातही पोचली. लुधियान्याच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केले, की जानेवारी १८६० चा एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेत घालवावा. बोटीच्या टपालाचा जमाना. त्यांनी वर्षभराचा अवधी ठेवला. प्रोटेस्टंट मंडळ्या जानेवारीच्या सुरुवातीला जो प्रार्थना सप्ताह पाळत आल्या, त्याचे मूळ हे. १८ ते २५ चा सप्ताह निराळा. तो १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पॉल वॉटसन यांनी सुरू केला आणि १९३० च्या दशकात फ्रान्समधल्या पॉल कुतुरिए या कॅथलिक धर्मगुरूंनी त्याचा सूर बदलला: सर्वांनी रोमकडे परतावे असे न मागता ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य मागावे. १९६८ पासून त्याचा मजकूर व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. २०१३ चा मूळ मसुदा भारतातल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने केला होता, बायबलमधल्या मीखा ६:६-८ वर, दलितांच्या प्रश्नाला धरून. हे आपल्याच मंडळ्यांत किती जणांना माहीत आहे, देव जाणे.

आणि पुणे जिल्ह्यातले केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदन या निराधार स्त्रियांच्या आश्रमातले १९०५ चे संजीवन सगळे पाळक सांगतात, पण सांगतात ते जूनअखेरचे: रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास चाललेली प्रार्थना. त्याआधीचे जानेवारी ते जून सहसा कोणी सांगत नाही. जानेवारीत रमाबाईंनी संजीवनासाठी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मुली मागितल्या, तेव्हा सत्तर पुढे आल्या. हळूहळू संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमत. दळण, शिवण, छपाई, शाळा हे सगळे चालू ठेवून. सहा महिने दोन वेळा ठरल्या वेळी जमणे हा त्या संजीवनाचा पाया आहे, पण त्यात सांगण्यासारखे नाट्य नाही म्हणून तो गाळला जातो.

आता येत्या जानेवारीचे.

सभा एक तासाची ठेवावी आणि तो तास असा वाटावा: गाणी दहा मिनिटे, शास्त्रवाचन पाच, संदेश बारा, शांतता तीन, प्रार्थना पंचवीस, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद पाच. संदेशाला बारा मिनिटे ऐकून वक्ते नाराज होतात, होऊ द्यावे. शाल-श्रीफळ नाही, मान्यवरांची ओळख नाही. ज्या चर्चमध्ये सभा, त्या चर्चच्या पाळकाने संदेश द्यायचा नाही, दुसऱ्याने द्यायचा.

प्रार्थनेची पंचवीस मिनिटे सगळ्यात जास्त बिघडतात. 'आता कोणीही दोघे-तिघे प्रार्थना करतील' म्हटले की नेहमीचे तिघेच उभे राहतात आणि पहिला नऊ मिनिटे घेतो. त्यापेक्षा पाच विषय, प्रत्येकी पाच मिनिटे. एक मिनिट विषय सांगायला, तीन मिनिटे प्रार्थना, शेवटचे मिनिट पुढून समारोप. लोक आपल्याच चर्चच्या माणसांशेजारी बसतात, म्हणून दारातच क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि क्रमांकाप्रमाणे बसवावे. पहिल्या दिवशी कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी लोक एकमेकांच्या मुलांची चौकशी करू लागतात.

पेंटेकॉस्टल मंडळींना एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायची सवय, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एकत्रित प्रोटेस्टंट चर्च) आणि कॅथलिकांना लिखित प्रार्थना आणि प्रतिसादाची. एकाचीच पद्धत चालवली की दुसरा उद्या येत नाही. पाच विषयांपैकी एक सर्वांनी मोठ्याने, एक पूर्ण शांततेत, एक 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक' या प्रतिसादाने, उरलेले दोन चार-चारांच्या गटात, अशी वाटणी करावी. माइकवरून अन्य भाषा (प्रार्थनेच्या भरात उमटणारे अनोळखी बोल) नाहीत आणि संतांचा धावाही नाही, हे आधीच्या बैठकीत मोकळेपणाने ठरवावे. ऐन सभेत भुवया उंचावण्यापेक्षा ते बरे.

प्रभूची प्रार्थना छापून द्यावीच. सगळ्यांना पाठ असते, पण शब्द एकसारखे नसतात, आणि 'आम्हाला वाइटापासून सोडव' नंतर कॅथलिक थांबतात तेव्हा प्रोटेस्टंट 'कारण राज्य, सामर्थ्य, गौरव' म्हणत पुढे जातात. ऐक्याच्या सभेतला हा सर्वांत अवघड क्षण. एक पाठ ठरवून, शेवटच्या ओळीसह वा तिच्याविना, पत्रकावर छापला की मिटले. वाचन बायबलच्या सर्वांना मान्य असलेल्या ६६ पुस्तकांतूनच घ्यावे. स्तोत्राचा क्रमांक सांगताना पहिली ओळही सांगावी. जुन्या कॅथलिक पुस्तकांत बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो आणि २३ वे स्तोत्र २२ वे म्हणून सापडते. गाणी रेव्ह. ना. वा. टिळकांची आणि भजनाच्या चालीची घेतली तर पुस्तक कोणतेही असो, आजी आणि नातू दोघे गातात. कोरसचे शब्द प्रोजेक्टरवर टाकणार असाल तर वीज जाईल हे धरून चालावे.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) या सप्ताहात ठेवू नये. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स नियमांत ते सर्वांना मिळून घेता येत नाही, आणि वेदीपुढे कोणी उठायचे, कोणी बसून राहायचे हा प्रसंग कोणालाच नको असतो. एकत्र प्रार्थनेला मात्र व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशात उत्तेजनच दिले आहे. 'आमच्या चर्चला चालत नाही' असे म्हणणाऱ्या कॅथलिक बंधूंना त्यातला आठवा परिच्छेद दाखवावा.

सप्ताहात अखंड प्रार्थना ठेवायची असेल तर तिचा हिशेब साधा आहे. चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ भाग होतात. प्रत्येक भागाला दोन माणसे म्हणजे ९६ नावे. चार मंडळ्या असतील तर प्रत्येकीला चोवीस. एकच माणूस ठेवला की साखळी रात्री दीड ते चारच्या दरम्यान तुटते, नेहमी तिथेच. ते भाग रात्रपाळीच्या परिचारिकांना किंवा परदेशातल्या नातेवाइकांना विचारून द्यावेत. आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचे दुपारचे चार असतात. संपवणाऱ्याने पुढच्याला पाच मिनिटे आधी फोन करायचा. १७२७ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन पंथाच्या लोकांनी अशी साखळी सुरू केली, चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रिया, रोज एकेक तास, आणि ती शंभर वर्षांहून जास्त चालली. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नव्हते, हा त्यांचा फायदाच. आपल्या गटात 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' ही सोय चालू ठेवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यात गुड मॉर्निंगची फुले येतात. आजाऱ्याचे पूर्ण नाव आणि आजार गटावर टाकू नये. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

पैशांवरून जितक्या एकत्र सभा मोडल्या तितक्या सिद्धांतावरून मोडल्या नसतील. दानार्पण घ्यायचेच असेल तर ते कशासाठी हे आधी जाहीर करावे, दोन वेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी तिथेच मोजावे आणि आकडा दुसऱ्या संध्याकाळी सांगावा. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या मिलनातून जन्मली; त्या बोलण्यांना चार दशके लागली आणि एक मोठी मंडळी अगदी शेवटी मागे फिरली. मालमत्ता आणि कारभार एकत्र करणे इतके जड असते. प्रार्थनेला त्याची गरज नाही, म्हणून तिच्यात ट्रस्ट, बँक खाते, अध्यक्ष हे आणूच नये. निमंत्रक दरवर्षी बदलावा.

मेंढरे पळवण्याची, म्हणजे दुसऱ्या चर्चची माणसे आपल्याकडे ओढण्याची, भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. एकत्र सभेत कोणी आपल्या चर्चची पत्रके वाटायची नाहीत, फोन नंबर घ्यायचे नाहीत. दुसऱ्या मंडळीचा माणूस अडचण घेऊन आला तर त्याच्याच पाळकाकडे पाठवायचा. प्रार्थनेने बरे झाल्याच्या साक्षी असतील तर त्या आधी तपासाव्यात, आणि औषध सोडल्याची साक्ष व्यासपीठावर येऊ देऊ नये. सभा उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपकाची पोलिसांकडून लेखी परवानगी घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. शेजारच्या घरात दहावीचा मुलगा अभ्यास करत असतो.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. १९२७ पासून तो जगभर पाळला जातो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया मजकूर लिहितात आणि बाकीच्या तोच वापरतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो पुरुषांनी चालवलेल्या जानेवारीच्या सप्ताहापेक्षा नीट पार पडतो. जानेवारीच्या समितीत त्या महिला संघांतल्या दोघींना घेतले असते तर वरचे निम्मे पत्र लिहायची गरज उरली नसती.

संजीवन येते आहे का, हे आठ दिवसांच्या गर्दीवरून कळणार नाही. फेब्रुवारीत पाहावे: एका मंडळीच्या अंत्यविधीला दुसऱ्या मंडळीचे किती आले, कोर्टातला एखादा दावा मागे घेतला गेला का, कोणाची उसनवारी परत झाली का. केडगावच्या मुलींनीही पापांची कबुली दिली, तेव्हा आजूबाजूच्यांना काही तरी घडल्याचे पटले असणार.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. या सभांची बातमी दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरच्यांच्या फोटोसह येते. त्याऐवजी आदल्या दिवशी स्थानिक पानावर दोन ओळी छापाव्यात: कोणत्या चर्चमध्ये, किती वाजता सुरू आणि किती वाजता समाप्त.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर