बांध साफ करा, पण सगळा नको

महोदय,

आपल्या शेतीच्या पानावर पेरणीच्या तोंडावर एक सल्ला हमखास असतो: बांध तणमुक्त ठेवा. गाजर गवतापुरता तो मला पटतो. पिकाचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण त्याच्यावरही तग धरून राहतो, ते फुलायच्या आत उपटलंच पाहिजे. पण सल्ला वाचून लोक सगळाच बांध खरवडतात. आमच्या माण तालुक्यात विळा जाऊन पाठीवरचा पंप आला. तणनाशकात गाजर गवताबरोबर मारवेलासारखं चाऱ्याचं गवतही जळतं, उरल्यासुरल्याला काडी लावतात आणि बोरी-तरवडाला जेसीबी. मग सशानं दिवस कुठं काढायचा?

आपला रानससा बीळ करत नाही. बिळात राहणारा ससा युरोपातला. घरी पाळतात ते पांढरे ससे त्याच्या कुळातले. आपला ससा गवताच्या बुडाशी अंगापुरता खळगा करतो आणि कान पाठीला चिकटवून दिवसभर बसून राहतो, अगदी पाय पडायची वेळ आली तरच उठतो. पिलंही उघड्यावरच होतात, अंगावर केस आणि डोळे उघडे असलेली. आई मुद्दाम लांब राहते आणि अंधारात पाजायला येते. म्हणून एकटं पिल्लू दिसलं की पोरकं समजून उचलून आणू नये. (हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी दरवर्षी कोणीतरी खोक्यात घालून आणतंच.)

शाळू निघाला की रान उघडं पडतं. नेमकं तेव्हाच माळ पेटवतात, का तर जाळल्यावर गवत जोमानं येतं. मोठा ससा पळेल, पिलांनी काय करायचं?

मी माझ्या जिराईत रानात तीन गोष्टी पाळते. माळाकडचा बांध दोन-अडीच हात रुंद सोडलाय. त्यावरच्या बोरी मुळासकट काढत नाही, छाटते. फुटवा दाट येतो. छाटलेल्या काट्या न जाळता कोपऱ्यात आडव्यातिडव्या टाकते, खाली ससा शिरेल पण कुत्रं शिरणार नाही अशा. आणि दिवाळीनंतर गवत कापताना एक पट्टा कापून एक तसाच ठेवते, पुढच्या साली उलट. तरवड तर आपोआप राहतो, त्याला शेळी तोंड लावत नाही.

लोक म्हणतात, गवत ठेवलं की साप येतो. खरं आहे, उंदरामागं घोणस येतेच. म्हणून वस्तीजवळचा आणि पायवाटेचा बांध मी मोकळा ठेवते, माळाकडचाच राखते. ससा हरभऱ्याचे शेंडे खुडतो हेही खरं, पण रानडुकरानं केलेल्या नासाडीपुढं ते नुकसान मी सोसते. उलट बोरीनं भरलेला बांध शेजाऱ्याला कोरता येत नाही, हा फायदा कोणी बोलून दाखवत नाही.

वन्यजीव कायदा १९७२चा आहे, सशाची शिकार गुन्हा आहे, तरी रात्री बॅटऱ्या घेऊन माळावर फिरणारे आहेतच. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल. आणखी एक: गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथं खड्डे खणून गिरिपुष्पाची झाडं लावण्याची हौस आवरती घ्यावी. लांडगा आणि मोरघार हा शिकारी पक्षी, दोघंही सशावर जगतात. माळावर ससा उरला नाही, तर लांडगा मेंढरांकडेच वळणार, आणि मग ओरड धनगरांनी करायची.

आपल्याकडं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी तो सल्ला छापाल तेव्हा कोणतं तण काढायचं त्याची नावं द्या, आणि माळाकडच्या बांधाचं गवत व झुडपं राखावीत अशी एक ओळ जोडा. कृषी सहायकांनीही बैठकीत तेवढंच सांगितलं तरी चालेल.

आपली,
एक जिराईत शेतकरी, ता. माण, जि. सातारा