आधी बारसं, मग पत्रिका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला दूरच्या नव्या ग्रहांच्या फळांवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर भाषा घसरली असती, म्हणून एक रात्र जाऊ दिली. फारसा उपयोग झालेला नाही.

सेडना, म्हणजे नेपच्यूनच्या खूप पलीकडचा एक गोल, मिथुनेत आली, असं लेखक म्हणतात. त्याच पानावर डावीकडे आपलं नेहमीचं साप्ताहिक भविष्य आहे, ते निरयन, म्हणजे राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं. सेडनाचा हा मिथुन प्रवेश मात्र सायन, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजणारा, पाश्चात्त्य पद्धतीचा. दोन्हींत आजघडीला सुमारे 24 अंशांचं अंतर आहे, म्हणजे डावीकडच्या हिशेबाने सेडना अजून वृषभेत, तीही सुरुवातीच्या अंशांत. एकाच पानावर दोन आकाशं! परदेशी मजकूर उचलायचा तर उचला, पण चिकटवण्याआधी वजाबाकी तरी करा. मी ज्योतिष मानत नाही, तरी मानणाऱ्यांनी गणित नीट करावं एवढी अपेक्षा ठेवतो.

आणि अनुभव कोणाचा? सेडना सापडली 2003 साली. तिची एक फेरी अकरा हजारांहून जास्त वर्षांची. मागच्या खेपेला ती इथून गेली तेव्हा माणसाला लिहिता येत नव्हतं. मग 'सेडना मिथुनेत आली की जुनी दुखणी बोलकी होतात' हे कोणी टिपून ठेवलं?

असो. हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण लेखाच्या शेवटी एरिस, तसाच दुसरा दूरचा गोल, आली आणि मला माझी धाकटी बहीण आठवली.

2006 सालची गोष्ट. बहिणीचे दिवस खरोखरच वाईट चालले होते. ती ज्यांच्याकडे पत्रिका दाखवायची त्या गृहस्थांनी निदान केलं की गोचरीचा, म्हणजे सध्या आकाशात चालता, प्लुटो राशीपासून आठव्या स्थानी आहे, सोसायला हवं. ती सोसत होती. 24 ऑगस्टला प्राग इथे खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन. 'दादा, पेपर वाचलास? आता माझं सुटेल ना रे?'

मी हसलो. ते हसणं मला आजही बोचतं, कारण ती थट्टा करत नव्हती.

तिने तोच प्रश्न त्या गृहस्थांना विचारला. उत्तर तयार होतं. प्लुटो गेलेला नाही, त्याचा अपमान झालाय, आणि दुखावलेला ग्रह जास्त त्रास देतो! पुढच्या महिन्यात, सप्टेंबरात, ज्या गोलामुळे प्लुटोची पदवी गेली त्याला एरिस हे नाव मिळालं. ग्रीकांची कलहाची देवी. गृहस्थांनी नव्याने दक्षिणा घेऊन पत्रिका पुन्हा मांडली. मिथुन लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत होती ती रास मिथुन; मीनेतली एरिस, म्हणजे तिथून दहाव्या घरात, दशमात, कर्मस्थानी. फळ : कचेरीत कलह. काही महिन्यांनी बहिणीला बढती आली आणि तिने ती लेखी नाकारली. कारण विचारल्यावर साहेबांना तिने घरच्या अडचणी सांगितल्या. खरं कारण ऐकून घ्यायला मी होतोच.

एरिसला एका फेरीला साडेपाचशेहून जास्त वर्षं लागतात. बहिणीच्या वयाच्या झाडून सगळ्यांची एरिस मीनेतच आहे, माझीही. त्यांतल्या ज्यांचं ज्यांचं लग्न मिथुन, त्या सगळ्यांच्या दशमात ती बसलेली. बहिणीच्या जागी जे वर गेले त्यांचं लग्न कोणतं होतं, हे मला फार जाणून घ्यायचं होतं. कचेरीत पुढे कसलाही कलह झाला नाही. कलह झाला तो आम्हा बहीण-भावात, वर्षभर. तोही ते गृहस्थ एरिसच्याच खात्यात टाकतील याची मला खात्री आहे.

आता त्या नावाकडे वळतो. सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. एरिस आकाशातून 'मी कलहाची देवी' असं सांगत आलेली नाही. सापडली तेव्हा तिला 2003 यूबी313 हा क्रमांक होता आणि शोधणारे माइक ब्राउन व त्यांचे सहकारी तिला लाडाने झीना म्हणत, दूरचित्रवाणीवरच्या एका योद्धा नायिकेवरून. प्लुटोवरून शास्त्रज्ञांची जी जुंपली, त्यानंतर तिला कलहाच्या देवीचं नाव शोभून दिसलं. तिच्या चंद्राचं नाव डिस्नोमिया, म्हणजे बेबंदशाही. का? तर झीनाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचं आडनाव लॉलेस! ही शास्त्रज्ञांची आपसातली कोटी आहे. या कोटीची पुढे फळं सांगितली जातात. झीना हेच नाव कायम झालं असतं तर तीच एरिस, त्याच अंशावर, बहिणीला शौर्य आणि यश देऊन गेली असती. बढती तिने घेतली असती.

आणि हे एकट्या एरिसचं नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत ज्यांच्या दोन होतात त्या प्लुटोसारख्या गोलांना पाताळातल्या देवतांची नावं द्यायची, असा खगोलशास्त्रज्ञांचा संकेतच आहे. ऑर्कस त्यातलाच. म्हणजे कक्षा मोजून नाव ठरतं, नावावरून पुराण, पुराणावरून फळ, आणि फळावरून आमच्या बहिणीची बढती. खुद्द प्लुटोचं नाव 1930 साली ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या मुलीने सकाळच्या न्याहारीला बसलेली असताना सुचवलं. तिला दुसरं काही सुचलं असतं तर 'अष्टमातला प्लुटो' या शब्दांचा दरारा राहिला असता का?

आपल्याकडे तर आणखी गंमत. युरेनसला आपले ज्योतिषी हर्षल म्हणतात. ते त्याच्या शोधकाचं, विल्यम हर्शेलचं आडनाव. एका विद्वानांनी मला त्यात 'हर्ष' काढून दाखवला होता. नेपच्यूनला आपण कधीपासून वरुण म्हणतो. 2000 साली नेपच्यूनपलीकडे जो एक गोल सापडला, त्याला शास्त्रज्ञांनीच वरुण हे नाव दिलं. आता पाण्याचं खातं कोणत्या वरुणाकडे? लेखकांनी याचा खुलासा करावा.

लेखातली एकच गोष्ट मला मनापासून आवडली. 2025 साली जाहीर झालेल्या 2017 ओएफ201 या गोलाचा उल्लेख करून लेखक म्हणतात की याची फळं अजून स्पष्ट नाहीत. का नाहीत ते मी सांगतो. त्याचं बारसं झालेलं नाही. नुसत्या क्रमांकातून काय फळ काढणार? पाळण्यात नाव ठेवलं की दुसऱ्याच दिवशी फळं स्पष्ट होतील, पैजेवर सांगतो. तोवर हवी तर एक माहिती फुकट देतो : हा गोल सूर्याच्या सर्वांत जवळ आला होता 1930 साली, म्हणजे प्लुटो सापडला त्याच वर्षी. पुन्हा तिथे यायला त्याला सुमारे पंचवीस हजार वर्षं लागतील. पुरवणीचं अख्खं पान निघेल यातून.

जाता जाता पानांचाच विषय निघाला म्हणून. महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारा आकाशाचा नकाशा आपण 'जागेअभावी' बंद केलात. त्याबद्दल मी दोन पत्रं पाठवली, एकही छापलं नाही. तो नकाशा दोन रकान्यांचा होता. हा लेख चार रकान्यांचा आणि वर कुंभ धरलेल्या बाईचं चित्र. जागा कुठून आली तेवढं कळवावं. शनिवारच्या शब्दकोड्यात 'सूर्यमालेतील शेवटचा ग्रह, दोन अक्षरी' असं सूत्र होतं. उत्तरात 'प्लुटो' दिलं आहे. नेपच्यून दोन अक्षरांत बसत नाही हे मान्य, पण त्याला प्लुटोचा इलाज नाही.

हे पत्र बहिणीला न विचारता लिहिलं आहे. ती आपलाच पेपर घेते, आणि भविष्याचं पान आधी उघडते. तेव्हा छापलंत तर कृपया नाव घालू नये.

आपला,
एक जुना वाचक