विचारांना वेळ नेमून देणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

डोक्यात घोळणाऱ्या चिंता कशा आवरायच्या हे आमच्या गटाला शिकवताना ‘विचार करू नका’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याबद्दल आधी आभार. बाकी सगळे तेच सांगतात. मन रमव, सोडून दे, कामाला लाग. खेड्यात कामाला तर जो तो लागलेलाच असतो. इथल्या कामाची गोम तुम्ही नेमकी ओळखलीत: हात गुंतलेले, डोकं मोकळं. तण काढणं, धार काढणं, शेंगा सोलणं ही कामं अंगवळणी पडलेली, त्यामुळे मोकळं डोकं कालचं कुणाचं तरी बोलणं उगाळत बसतं. त्यात पाऊस कधी, गाय वेळेवर विणार का, अशा प्रश्नांची उत्तरं मिळायला आठवडे लागतात. माणसंही मोजकीच. एखाद्याने नजर चुकवली, तर उद्या पुन्हा त्याच वाटेवर तोच भेटणार असतो.

विचार दाबला की उसळतो, हे तुम्ही मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगावरून समजावलंत. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं लोकांना सांगितलं, तरी अस्वल येतच राहिलं. बंदी उठल्यावर तर ते पहिल्यापासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षा यांनाच जास्त आठवलं. म्हणून विचाराला हाकलायचं नाही, त्याला पुढची वेळ द्यायची.

ती ‘चिंतेची वेळ’ तुम्ही ज्या बारकाईने बसवून दिलीत, त्याचं मोल सर्वांत जास्त आहे. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रोज अर्धा तास फक्त चिंता करण्यासाठी राखलेला होता. तुम्ही तो २० मिनिटांवर आणलात, कारण गुरं-वासरं सांभाळणाऱ्याला रोज अर्धा तास निघत नाही आणि न पाळलेला नियम लवकरच सुटतो. वेळ ठरलेली, संध्याकाळी, पण झोपेच्या निदान दोन तास आधी. जागाही एकच, आणि ती अंथरूण किंवा आवडीची बसायची जागा नको, नाहीतर तिथे टेकलं की चिंता आपोआप सुरू होते. दिवसभरात विचार आला की खिशातल्या वहीत एकच ओळ लिहायची आणि हातातल्या कामाकडे परतायचं. परतायचं म्हणजे काय, तेही तुम्ही दाखवलंत: मातीचा ओलावा, मुळाची पकड, विळ्याचा आवाज, यातलं एक काहीतरी धरायचं. विचार पुन्हा येणारच. दिवसातून तीस वेळा आला तर तीस वेळा परतायचं. त्यात हरल्यासारखं काही नाही, सराव त्यालाच म्हणतात.

बिघडतं कुठे, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, म्हणून पद्धत टिकली. एका ओळीऐवजी पानभर लिहिलं तर ते लिहिणंच उगाळणं होतं. बऱ्या दिवशी २० मिनिटं टाळली, तर डोक्याचा ‘नंतर’ या शब्दावरचा भरवसा उडतो आणि ते पुढच्या वेळी थांबायला तयार होत नाही. गजर लावला नाही तर बैठक तासावर जाते. आणि बरेच जण पहिल्या आठवड्यातच सोडतात, कारण त्यांना डोकं रिकामं व्हायला हवं असतं. ते होत नाही. विचार येतात, पण ताबा घेत नाहीत, एवढाच फरक पडतो, आणि तोही दोन-तीन आठवड्यांनी.

वेळ झाली की वहीतल्या प्रत्येक ओळीला तुमचा प्रश्न: यावर उद्यापर्यंत मला काही करता येईल का? येत असेल तर पहिली पायरी आणि तिची वेळ लिहायची. ‘विहिरीचं बघायचं’ असं नव्हे, तर ‘सकाळी सातला दोर तपासायचा’. येत नसेल तर ओळ तशीच उद्याच्या पानावर. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न वळवून ‘आता कसं?’ असा करायचा. ‘का’ गोल गोल फिरवतं, ‘कसं’ हाताला काम देतं.

मरगळ आलेल्या दिवसांसाठी तुमचा क्रम उलटा होता: उत्साह येईल मग उठू असं नाही, आधी उठायचं. उठल्यापासून तासाभरात बाहेर, २० ते ३० मिनिटं. ढगाळ आभाळाखालीही घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट उजेड असतो आणि झोपेचं घड्याळ त्यावरच लागतं. काम असं घ्यायचं ज्याला शेवट आहे. सगळं शेत डोळ्यांपुढे आणलं की पाय उचलत नाही, पण एक ओळ खुरपून होते.

निसर्गात राहणाऱ्याला कसली आली चिंता, असं म्हणणाऱ्यांना तुम्ही दिलेलं उत्तरही लक्षात आहे. २०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या गटाला ९० मिनिटं निसर्गात चालल्यावर लोकांचं उगाळणं कमी झालेलं दिसलं, पण ती माणसं शहरात राहणारी होती. ज्याची रोजची पायवाट चिंतांसकट पाठ झाली आहे, त्याला वाट बदलावी लागते किंवा कुणाला तरी सोबत न्यावं लागतं.

रात्री साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, घड्याळाकडे न पाहता, आणि डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. पडून तळमळत राहिलं तर अंथरुणाचं आणि जागरणाचं नातं घट्ट होतं.

आणि वही कुठे अपुरी पडते, तेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत, हे फार मोठं. दोन आठवडे बहुतेक दिवसभर उदासी, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर डॉक्टरकडे जायचं. जगणं नको वाटायला लागलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला एकटं ठेवायचं नाही. हा मजकूर तुम्ही प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलात. आता आम्ही दुसऱ्यांना वही देतो, तेव्हा ते पान आधी भरून देतो.

तुमच्या गटातले,
आम्ही सगळे