नंबर नसलेल्या गाडीने मोडलेला हात

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी दादर पूर्वेला पेपर टाकतो. पहाटे चारला स्टेशनबाहेर गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या आणि सायकलवर हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी करत फाइव्ह गार्डनपर्यंत लाइन संपवायची. सव्वीस वर्षं हेच काम करतोय.

श्रावणातल्या एका पहाटे हिंदू कॉलनीतल्या गल्लीत उलट्या दिशेने आलेली बॅटरीची स्कूटर माझ्या सायकलवर आदळली. दिवा बंद होता आणि या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे ती अंगावर येईपर्यंत कळलंच नाही. चालवणारा घरपोच सामान देणारा पोरगा होता, जेमतेम विशीतला. त्याने मला उचलून कट्ट्यावर बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, रडायला लागला आणि गेला. त्याच्यावर माझा राग नाही. गाडी भाड्याची, घाई दुसऱ्याची, रोजी बुडाली तर तीही त्याचीच.

उजवं मनगट मोडलं, कॉलर बोनही. मनगटात प्लेट आणि स्क्रू बसले, हात सहा आठवडे गळ्यात. हाड जुळलं की हात परत मिळतो अशी माझी समजूत होती. तसं नसतं साहेब. पट्टी निघाली तेव्हा मूठ वळत नव्हती, बोटं सुजून ताठ झालेली. फिजिओथेरपीच्या बाईंनी आधी कणकेचा गोळा दाबायला लावला, मग ओला पंचा पिळायला. पीळ देणं सगळ्यात शेवटी येतं, त्या म्हणाल्या. खरंच आहे. आजही कुलपात किल्ली फिरवताना मनगटातून कोपरापर्यंत कळ जाते.

माझं सगळं कामच पिळाचं आहे. पेपर दोन बोटांत धरायचा, अंगठ्याने कड दाबायची, गुंडाळी करून रबर चढवायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पोचवायचा. हल्ली रोज संध्याकाळी जुने पेपर घेऊन चाळीच्या अंगणात सराव करतो. पेपर पहिल्या मजल्याच्या वर जात नाही. लाइन मुलगा सांभाळतोय, त्याचं बारावीचं वर्ष आहे.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘गाडीचा नंबर?’ नंबर नव्हताच. म्हणजे पाटी झाकलेली नव्हती किंवा मोडलेलीही नव्हती. त्या गाडीला पाटी असण्याची गरजच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. मग नोंदणी नाही, लायसन नाही, विमाही नाही.

आता माझ्या बाजूने बघा. हाड मोडणं कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. मोटारीने धडकून पळ काढला असता, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई देणारी केंद्राची योजना आहे. अपघातानंतर सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची सोय २०२५ पासून आहे. दोन्हीकडे अट एकच, अपघात मोटार वाहनाने झालेला हवा. माझं हाड मात्र कागदोपत्री वाहनच नसलेल्या वस्तूने मोडलं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. गाडी, माणूस आणि पाठीवरची भरलेली बॅग एवढ्या वेगाने सायकलवर येते, तेव्हा मोटर किती वॉटची होती याने मनगटाला फरक पडत नाही.

नियम केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. कुणी म्हातारं माणूस अशी गाडी घेऊन भाजी आणायला जात असेल, तर त्याच्यामागे कागदपत्रांचा ससेमिरा लावा असं मी म्हणत नाही. पण धंद्यासाठी दिवसरात्र रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांना नंबर आणि विमा सक्तीचा करा, अशी शिफारस राज्याने दिल्लीला करावी. तोवर भाड्याने गाड्या देणाऱ्यांना बोलावून घ्या. प्रत्येक गाडीवर पुढे-मागे लांबून वाचता येईल असा क्रमांक रंगवायला आणि कोणती गाडी कोणत्या वेळी कुणाकडे होती याची नोंद ठेवायला सांगा. कंट्रोलरमध्ये फेरफार करून वेग वाढवलेल्या गाड्यांची सवलत नियमानेच संपते. त्यांची तपासणी तर तुमच्या आरटीओच्या पथकांना उद्यापासून करता येईल, आणि ती पहाटेही व्हावी. त्या वेळी रस्त्यावर पेपरवाले, दूधवाले, पाववाले असतात. बहुतेक सायकलवरच.

सोबत माझ्या तक्रारीची प्रत पाठवतोय. वाहन क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात सायकल धरायला परवानगी दिली आहे, मुलाच्या परीक्षेआधी लाइन परत माझ्याकडे घ्यायची आहे. त्याआधी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

आपला,
दादरचा एक वृत्तपत्र विक्रेता