पीआरआय लाइनची सेटिंग्ज कागदावर द्या

संपादक साहेब,
आमच्या अंबडच्या कारखान्यात फोन अजून आयएसडीएन पीआरआयवरच (एका डिजिटल लाइनवर एकावेळी अनेक कॉल नेणारी टेलिफोन सेवा) चालतात, एका लाइनवर 64 केबीपीएसचे 30 चॅनेल आणि सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे इशारे) 16 नंबरच्या टाइमस्लॉटवर, म्हणजे लाइनवरच्या ठरावीक कप्प्यात. राउटरमधला स्विच टाइप (समोरचं एक्स्चेंज कोणत्या प्रकारचं आहे ते सांगणारी सेटिंग) एक्स्चेंजशी जुळला नाही की दिवा हिरवा, लेयर वन (म्हणजे तारेची जोडणी) अ‍ॅक्टिव्ह, पण कॉल काही लागत नाही, मग लाइनवाले म्हणतात राउटर बघा आणि राउटरवाले म्हणतात लाइन बघा, दिवस जातो. आपल्याकडे बहुतेक प्रायमरी-नेट5 हा स्विच टाइप लागतो, क्लॉक (दोन्ही टोकं जुळवणारा वेळेचा ताल) लाइनकडून घ्यायचा, सीआरसी4 (लाइनवरच्या चुका तपासण्याची सोय) चालू की बंद ते विचारावंच लागतं. एवढं लाइन देतानाच लिहून द्यायला काय हरकत आहे? छोट्या कारखानदाराला दरवेळी इंजिनिअर परवडत नाही हो.

– एक वाचक, अंबड, नाशिक