शिउली म्हणजे रातराणी नव्हे

महोदय,

दुर्गापूजा जवळ आली की बंगालच्या वर्णनांत शिउली येतेच, आणि मराठीत उतरताना तिची हमखास रातराणी होते. आपल्या रविवार पुरवणीतल्या अनुवादित लेखातही तेच झालं आहे. गफलत बंगालीत नाही, मधल्या इंग्रजीत आहे. शिउलीला इंग्रजीत 'नाइट-फ्लॉवरिंग जॅस्मिन' म्हणतात आणि रातराणीला 'नाइट-ब्लूमिंग जॅस्मिन'. अर्थ दोन्हींचा एकच, रात्री फुलणारी जाई. पण खरी जाई दोघींतली एकही नाही. शिउली निदान जाईच्या कुळातली तरी आहे. रातराणी वांगी-मिरचीच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. बंगालीत ती हास्नाहेना.

शिउली हा आपला प्राजक्त. संस्कृत शेफालिका, तिची शेफाली, तिचीच शिउली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलेलं शास्त्रीय नाव निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस, म्हणजे 'रात्रीचं फूल' आणि 'दुःखी झाड'. इंग्रजीतलं 'कोरल जॅस्मिन' मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. त्यात निदान पोवळ्यासारखा देठ तरी दिसतो.

मूळ मजकुरात शास्त्रीय नाव नसेल तर वर्णन बारकाईने वाचावं. सकाळी झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा, केशरी देठ, फुलं जमिनीवरून वेचून पूजेला नेलेली : प्राजक्तच. हिरवट-पांढऱ्या बारीक नळ्यांचे घोस, उजाडल्यावर फुलं मिटून झाडावरच : रातराणी. झाड समोर असेल तर पानावर बोट फिरवावं. प्राजक्ताचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, रातराणीचं गुळगुळीत. फळंही वेगळी, प्राजक्ताची चपटी, वाळल्यावर तपकिरी, नाण्याएवढी, तर रातराणीची पांढरी आणि रसाळ. ती विषारी असतात, हेही जाता जाता सांगायला हवं.

उलट दिशेने जातानाही पाय घसरतो. मराठी 'पारिजात' बंगालीत तसाच ठेवला, तर तिथल्या वाचकाला स्वर्गातलं फूल आठवेल, नाहीतर मांदार, म्हणजे आपला लालभडक पांगारा. तिथे शिउलीच लिहायला हवं.

'ट्यूबरोज'चंही असंच. त्यात गुलाब शोधू नये. 'ट्यूबरोसा' या लॅटिन शब्दाचा अर्थ कंद असलेली. बंगालीत रजनीगंधा, आपल्याकडे निशिगंध किंवा गुलछडी.

आणि एक. शिउली शब्द दिसला की प्राजक्त, असंही डोळे मिटून करू नये. थंडीच्या दिवसांतल्या बंगाली खेड्याच्या वर्णनात 'शिउली' पहाटे शिंदीच्या झाडावरून मडकं उतरवत असेल, तर तो रस काढणारा माणूस आहे.

– एक भाषांतरकार, पुणे