माझ्या गाडीचा सातबारा मला का दाखवत नाही?

मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

एरंडोल तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी मुनीम आहे. मंत्र्यांना पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून काही कमी-जास्त झालं तर आधीच माफी मागतो. परवा माहिती अधिकाराच्या अर्जाला परिवहन कार्यालयाकडून उत्तर आलं. मागितलेली माहिती 'तृतीय पक्षाची' आहे, म्हणून देता येत नाही. साहेब, मी माहिती मागितली होती ती माझ्याच गाडीच्या आजवरच्या सरकारी तपासण्यांची. आरसीवर नाव माझं, कर्ज माझं, विमा माझा. मग तिसरा कोण?

नीट सांगतो. वडिलांचं आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस असतं. एसटीने जाणं-येणं त्यांना झेपेना. नवीन गाडी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी बघितली. 2016 ची डिझेल, नंबर ठाण्याचा, मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर, किंमत चार लाख वीस हजार. पतसंस्थेतून दोन लाख उचलले, सौ.च्या पाटल्या मोडल्या, उरलेले मेव्हण्याकडून घेतले.

डोळे झाकून घेतली नाही. केंद्र सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला. नोंदणीची तारीख दिसली, कितवा मालक ते दिसलं, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, बोजा नाही, नोंदणी 2031 पर्यंत वैध. सगळं हिरवं. फॉर्म 29 आणि 30 भरले, फी भरली, गाडी नावावर झाली. सरकारनेच ठीक म्हटलंय म्हणून मी निर्धास्त होतो.

जुलैत डायलिसिस करून वडिलांना घरी आणत होतो. बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला, पाळधी जवळ आली, आणि पुढच्या ट्रॅक्टरने वेग कमी केला. मी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबला, तेच. गाडी डावीकडे बाभळीत घातली म्हणून दोघं जिवंत आहोत. वडील एवढंच म्हणाले, "काय व्हयनं रे?" ज्या हातात डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे सुई टोचायला ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी, केलेला, तोच हात मोडला. आता मानेत नळी टाकून डायलिसिस चालू आहे. ती नळी बघितली की मला जेवण जात नाही. जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. थोडा ताप आला की रात्रभर उशाशी बसायचं. आजवर दीड-पावणेदोन लाख गेले असतील, सगळ्या पावत्याही जपलेल्या नाहीत. आई आता गाडीत बसत नाही. मी बसतो, पण उतारावर पाय थरथरतो.

मेकॅनिकने गाडी खाली घेतली तेव्हा ब्रेकचा पाइप गंजून फाटलेला निघाला. तो म्हणाला, "दादा, हा गंज आपल्याकडचा नाही. खाऱ्या हवेतली गाडी आहे ही." मग डॅशबोर्डच्या मागे त्याला स्पीड गव्हर्नरची, म्हणजे टॅक्सीचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राची, तोडलेली वायर सापडली. सीटखाली जुनी विमा पॉलिसी मिळाली, तिच्यावर वापर 'प्रवासी वाहतूक'. म्हणजे माझी घरगुती गाडी आधी टॅक्सी होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीने विचारलं, तर चार वर्षांपूर्वीच तिथे दोन लाख चौदा हजार किलोमीटर नोंदलेले. मला बासष्ट हजार दाखवून विकली.

आता खरा मुद्दा. टॅक्सी म्हटली की फिटनेस आला. सध्याच्या नियमाने आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी होते, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सगळं. खाजगी गाडीला पंधरा वर्षं कोणी विचारत नाही, पण या गाडीकडे तुमच्या माणसांनी पुन्हा पुन्हा वाकून बघितलं असणार. ती कधी पास झाली, कधी नापास, कशामुळे? टॅक्सीची खाजगी करताना कोणी काय तपासलं? हे कागद तुमच्याकडे आहेत. मला हवे होते ते हेच. विकत घेण्याआधी ते दिसले असते तर मी ती गाडी घेतली नसती. माझ्या वडिलांचा हात आज शाबूत असता.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे, तिला एमओटी म्हणतात. तिथे कोणीही सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकतो आणि आजवरच्या तपासण्या फुकट वाचतो. कधी नापास झाली, कोणत्या कारणाने, त्या दिवशी मीटर किती होतं, सगळं. मालकाचं नाव दिसत नाही, म्हणजे कोणाची खाजगी बाब उघडी पडत नाही. मग आपल्याकडे 'तृतीय पक्ष' कुठून आला? मीही कोणाचं नाव मागितलं नव्हतं. ब्रेकचा अहवाल मागितला होता.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याकडे गुंठाभर जमीन घेणारा आधी सातबारा काढतो. इतर हक्कात कोण आहे, फेरफार किती झाले, बोजा कोणाचा, घरबसल्या बघतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा दात बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. बैलबाजारात बैल जुंपून दाखवल्याशिवाय सौदा होत नाही. गाडीचे दात सरकारच्या कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे.

दर पीयूसीला गाडीचा फोटो काढून सरकारी यंत्रणेत चढवतातच. तेव्हाच मीटरचाही एक फोटो घ्यायला लावा. दरवर्षीचा आकडा नंबरापुढे दिसला की बासष्ट हजाराचं खोटं एका मिनिटात उघडं पडेल. याला काही कोटींचं टेंडर लागत नाही.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावं, असा केंद्राचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. माझ्या विक्रेत्याकडे ते नव्हतं. असा नियम आहे हे मलाही नंतर कळलं. आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर बोर्ड लावून गाड्या विकणाऱ्या किती जणांकडे ते आहे, ते तुम्हीच जाहीर करा. तपासायला कोण गेलं, तेही सांगा.

महामार्गावर वेग थोडा वाढला की ई-चलन येतं, फोटोसकट. माझ्याकडे आधीच्या मालकाच्या काळातलीही दोन आली, ती भरली. म्हणजे दंडाचा हिशेब गाडीबरोबर ठाण्याहून एरंडोलपर्यंत बरोबर पोहोचतो. तपासणीचा हिशेब वाटेत कुठे हरवतो? सामान्य माणसाकडून घ्यायचं ते सगळं ऑनलाइन झालं, द्यायचं म्हटलं की अर्ज, तीस दिवस, मग अपील. रेशनकार्डाला तेच, पीकविम्याला तेच. केळी बागायतदार मित्र म्हणतो, तुझी तरी एकच गाडी गेली. किती वर्षं आम्ही हे सोसायचं?

पहिलं अपील आज टाकलं आहे. तुमच्याकडे मागणं एकच. फिटनेसच्या प्रत्येक तपासणीचा निकाल, नापास असल्यास त्याचं कारण आणि मीटरचा आकडा नंबर टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसू द्या.

गेल्या रविवारी पारोळ्याहून एक मुलगा गाडी बघायला आला होता. नव्याने लग्न झालेला. मी त्याला टॅक्सीचं, किलोमीटरचं, ब्रेकचं, सगळं सांगितलं. त्याने मोबाइल काढून नंबर टाकला आणि मला दाखवत म्हणाला, "काका, इथे तर सगळं ओके आहे." मी गाडी विकली नाही.

आपला,
एरंडोल तालुक्यातला एक मुनीम,
जि. जळगाव